तळं पांढरं कोणी केलं?

१

त्या सकाळी तळं पांढरं झालेलं आढळलं.

दुधासारखं पांढरं, असं मी लिहिणार होतो. पण त्या एका शब्दावरून पुढे इतकं रामायण झालं की तो वापरायला आता धीर होत नाही. खळीच्या पातेल्यासारखं म्हणतो. काठापासून थेट पलीकडच्या झाडांपर्यंत.

"काका, माझी बदकं हरवलीत हो," तळ्यावरचा नाववाला मला म्हणाला. "आहेत इथेच, पण पांढऱ्यात पांढरी. नुसत्या चोची फिरताना दिसतायत. गिऱ्हाइकांना काय दाखवू, चोची?"

मी कसला शोध लावणार? निवृत्त ग्रंथपाल माणूस. आयुष्यभर रहस्यकथा कपाटात लावल्या, वाचल्याही पुष्कळ, पण शेवटच्या पानाआधी गुन्हेगार एकदाही ओळखता आला नाही. मी तिथे होतो तो फक्त गाडी चालवायला. सूनबाईचा पाय घोट्यात मुरगळला होता. आठवड्यापूर्वी एका चेंबरचं झाकण उघडताना ती घसरली, तेव्हापासून ती कुबडी घेऊन बसे आणि मी सावकाश गाडी हाकत असे. "बाबा, मागून सायकल घंटी वाजवतेय," असं ती अधूनमधून म्हणायची.

सूनबाई पाणी खात्यात निरीक्षक आहे. कारखाने, गोदामं, दुकानं यांच्या आवारावर पडलेला पाऊस वाहून तळ्यात येतो. येताना त्याने तेल, माती, रसायन असलं काही सोबत आणू नये हे बघणं तिचं काम. "पाऊस वरून स्वच्छ येतो, बाबा. तो खाली जाईपर्यंत तसाच राहिला की माझा पगार वसूल," असं ती सांगते.

तिने काठावर बसून बाटलीत पाणी भरून घेतलं आणि वर चढणीकडे पाहिलं. तिथे ओळीने तीन आवारं होती. फरशी कापायचा कारखाना, दुधाची डेअरी आणि भिंतींचे रंग बनवणारा कारखाना. तिन्ही आवारांतलं पावसाचं पाणी एकाच चेंबरमध्ये येतं आणि तिथून एकच नळ तळ्यात उतरतो.

"फरशीची पूड पांढरी, दूध पांढरं, रंगही पांढरा," मी म्हणालो. "तिघेही सोवळे दिसतायत."

सूनबाई हसली नाही. "आठवडाभर पाऊस नाही, बाबा. आभाळ कोरडं आणि पावसाच्या नळाला पाणी. म्हणजे हे वरून नाही आलं, कुणीतरी सोडलंय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"फरशीवालाच असणार! दोनदा नोटीस दिलीय त्याला. तिसऱ्या वेळी कुलूप, नियमच आहे. परवा सकाळी सील करायला येतो."

"साहेब, अजून तपास..."

"मग परवापर्यंत कर. पण दुसरं कुणी सापडलं नाही, तर कुलूप त्यालाच."

२

फरशीवाले म्हणजे धिप्पाड, अबोल गृहस्थ. भुवयांवर कायम पांढरी पूड, त्यामुळे नेहमी नुकतंच काहीतरी आश्चर्य पाहिल्यासारखे दिसतात.

"आधीच्या दोन वेळा चूक माझी," ते म्हणाले. "हौद लहान होता, भरून वाहिला. आता नवा बांधलाय, या."

फरशी कापताना पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं. ते पूड घेऊन वाहतं, हौदात साचतं, पूड तळाशी बसते. वरचं पाणी पुन्हा पात्यावर. खालचा गाळ उपसून वाळवतात आणि पोत्यांत भरतात. नवा हौद खरोखरच मोठा होता आणि निम्म्याहून रिकामा होता.

"मग तळ्यात काय गेलं?" सूनबाईने विचारलं.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?" त्यांनी मागच्या कामगारांकडे पाहिलं. पाती फिरत होती, पण सगळ्यांचे कान आमच्याकडे. "कुलूप लागलं तर मी घरी बसेन, माझं वय झालंय. ह्यांनी कुठे जायचं? ह्यांतले निम्मे इथेच काम शिकले. दुसरीकडे यांना कोण उभं करणार?"

एवढं लांबलचक ते बहुधा महिन्यातून एकदा बोलत असावेत, कारण त्यानंतर ते घाम पुसत खाली टेकले.

त्यांची बायको चहा घेऊन आली. सगळे तिला ताई म्हणतात. माझ्या हातात कप देताना तिने हळूच विचारलं, "डेअरीत गेला होतात का हो? माझा भाऊ बरा आहे ना?"

"भाऊ?"

"डेअरी त्याचीच. धाकटा माझा." तिने आवाज आणखी खाली आणला. "ह्यांचं आणि त्याचं बोलणं नाही. एका लग्नात तो सगळ्यांदेखत म्हणाला, दाजींच्या पुडीने माझं दूध फुकटात दाट होतं. हे म्हणाले, दाट व्हायला त्यात काहीतरी पडावं लागतंच. झालं! तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहतात. मधली भिंत दोघांनी निम्मी निम्मी वाढवली. पैशांच्या बाबतीत एकमत झालं ते तेवढंच."

भिंत मी पाहिली. माझ्या डोक्याच्या वर होती. तिच्या पायथ्याशी फळांचं एक रिकामं खोकं पालथं घालून ठेवलं होतं. ताईच्या मनात भावाला बघायचं येत असेल, असं वाटून मी नजर वळवली. दुसऱ्याच्या घरात फार बघू नये.

बाहेर रस्त्यावर सूनबाईने मला चेंबरचं झाकण उचलायला लावलं. आत तीन बाजूंनी तीन नळ उघडत होते आणि चहूकडच्या भिंती पांढऱ्या. जुनं पांढरं, नवं पांढरं, सगळं एकच.

"कुठल्या नळातून आलं, कळतंय का?"

"मला तर नाही," मी म्हणालो. "पण माझ्या नजरेवर फार विसंबू नकोस."

तिने मघाची बाटली उन्हात धरली. पाण्यावर एक पातळ तवंग होता आणि त्यात मोरपिसासारखे रंग हलत होते.

"हे मात्र पांढरं नाही," ती म्हणाली.

३

रंगवाल्या बाई बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायची सवड त्यांच्याच श्वासात शोधावी लागते.

"या, या, मला वाटलंच होतं! तळं पांढरं झालं की लोक माझ्याकडे बघणार, उद्या निळं झालं तरी माझ्याकडेच बघणार. अहो, मी तर म्हणते, रंग फुकट तळ्यात ओतायला मला काय वेड लागलंय? भाव बघितलात का?"

सूनबाई पोत्यांच्या एका थप्पीजवळ थांबली. "ही पूड?"

"फरशीचीच. दुकानातून आणते, मैद्यासारखी बारीक. रंगाला अंग यायला घालावी लागते, नुसत्या रंगाने भिंत झाकत नाही."

माझ्या मनात विजेसारखा विचार चमकला. फरशीची पूड, आणि तीही रंगवाल्यांकडे! मी सूनबाईच्या कानाशी लागलो. "हिनेच टाकली असेल. नाव मात्र फरशीवाल्याचं होईल. चोर सोडून संन्याशाला..."

"बाबा, इथली जमीन बघा."

मी पाहिली. सगळं काम छपराखाली. उंबऱ्यासारखा कठडा चारी बाजूंनी. आत जाळी नाही, गटार नाही. बाहेर नळाला जातं ते केवळ छपरावरचं पाणी. सांडलं तर आतच राहणार.

"झाडू मारतो आम्ही," बाई म्हणाल्या. "पाणी मारलं तर रंग सगळीकडे पसरेल, मग आम्हीच पांढरे! आणि तेलाचा रंग आम्ही करतच नाही, नाकाला सोसत नाही माझ्या."

माझा पहिला आणि एकुलता एक सिद्धांत असा कोसळला. पण सूनबाईने दोन चमचे रंग मागून घेतला. वाटेत तिने डेअरीच्या दुकानातून दूधही घेतलं आणि परत येऊन फरशीवाल्यांकडून मूठभर पूड.

"कशाला?" मी विचारलं.

"आज ह्या तिघांची आपल्या स्वयंपाकघरात उलटतपासणी."

४

खिडकीत चार बरण्या ठेवल्या. एकीत दूध घातलेलं पाणी, एकीत रंग, एकीत फरशीची पूड आणि चौथीत तळं. ढवळल्यावर चारही सारख्याच. माझा मुलगा सकाळी झोपेत उठला आणि चहासाठी रंगाची बरणी उचलायला निघाला. त्याच्या बायकोने कुबडीने त्याचा हात अडवला.

"अहो, तो पुरावा आहे!"

"ह्या घरात दूधसुद्धा संशयित," तो पुटपुटला.

आम्ही सगळेच बरण्यांवर वाकलो. दुधाचं पाणी नासून उग्र वास मारत होतं. रंगाचं पाणी रात्रभरात तसूभरही बदललं नव्हतं, होतं तितकंच पांढरं. पुडीच्या बरणीत मात्र सगळा गाळ तळाशी आणि वर लख्ख पाणी.

चौथ्या बरणीत, तळ्याच्या, तळाशी गाळ होता. वर लख्ख पाणी. वास नाही. आणि त्या पाण्यावर तोच मोरपिशी तवंग.

"फरशीची पूड," मी म्हणालो, आणि मला एकदम फार वाईट वाटलं. चहा घेऊन येणारी ताई आठवली. पात्यांवर उभी असलेली माणसं आठवली. "म्हणजे साहेब म्हणाले तेच."

"पूड फरशीची आहे," सूनबाई म्हणाली. "पण फरशीवाल्याच्या नळातून आली का, ते कुठे बघितलंय आपण? चला. तुम्हाला वाकावं लागणार आहे."

फरशीवाल्यांच्या आवारातून पावसाचा नळ जिथे सुरू होतो, तिथे मी गुडघे टेकून आडवा झालो. ह्या वयात आडवं होणं सोपं, उठण्याचा भरवसा नाही. टॉर्च लावला.

"काय दिसतंय?"

"कोळ्याचं जाळं. नळाच्या तोंडावर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुडीने नुसतं माखलंय, जुन्या पडद्यासारखं. पण मी नीट पाहिलं असेलच असं नाही..."

"फाटलंय कुठे?"

"नाही."

"कोळी आहे?"

"आहे. मी नको तिथे आलोय असं त्याचं मत दिसतंय."

सूनबाई कुबडीवर रेलून उभी राहिली आणि हसली. पहिल्यांदाच. "एवढं जुनं जाळं शाबूत असेल, तर ह्या नळातून आठवडाभरात पाण्याचा थेंब गेलेला नाही. पूड ह्यांची, नळ ह्यांचा नाही."

"मग पूड उडत गेली का?"

"चालत गेली, बाबा. कुणाच्या तरी पायांनी. आता डेअरी."

५

डेअरीच्या दारातच एका माणसाने आमचे बूट पाण्याने धुतले. पायात असतानाच.

डेअरीवाले बारीक, चपळ, टक्कल चकचकीत. बोलता बोलता ते दर थोड्या वेळाने हात धुवायचे. आवार तर असं की जेवायला पान वाढावं. एका बाजूला एक माणूस पाइपने जमीन धूत होता, तिच्यावर काहीही नसताना.

"इथे पांढरं काही दिसलं की धुवायचं," डेअरीवाले म्हणाले. "कसलं, कुणी सांडलं, असले प्रश्न नाहीत. आधी पाणी, मग चौकशी. दूध सांडून थोडा वेळ राहिलं की वास, वासावर माशा, माशांवर तक्रारी. माझ्या वडिलांनी मला चालायच्या आधी फरशी पुसायला शिकवली."

"हे पाणी जातं कुठे?"

"आमच्या शुद्धीकरणाच्या टाकीत. लाख शब्दांची एक गोष्ट सांगतो, बाई. त्या टाकीतून निघालेलं पाणी मी पाहुण्यांना देऊ शकतो."

"दिलंत कधी?"

"पाहुणे तयार होत नाहीत." त्यांनी भिंतीपलीकडे हनुवटी उडवली. "तळ्याचं म्हणाल तर त्या गृहस्थांना विचारा. तिसरी वेळ ना त्यांची?" आणि मग, हात धूत धूत, जरा वेगळ्याच आवाजात, "कुलूप खरंच लागणार का हो? नाही, म्हणजे... बहीण आहे माझी तिकडे."

कोपऱ्यात दुधाचा टँकर उभा होता. त्याच्याखाली पत्र्याचा ट्रे. इतर सगळ्या गाड्या मधल्या आखलेल्या जागेत, हा एकटाच बाजूला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मधली त्याची जागा रिकामी होती आणि तिथलं काँक्रीट आजूबाजूच्यापेक्षा उजळ दिसत होतं.

"टँकरला काय झालं?" सूनबाईने ड्रायव्हरला विचारलं.

"पाइप गेला होता, मॅडम. पंपाच्या तेलाचा. बदलला." त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मालकाकडे, आणि मग स्वतःच्या चपलांकडे.

"तेल पुष्कळ सांडलं?"

"तेल?" डेअरीवाले मध्येच म्हणाले. "माझ्या आवारात? मी आलो तेव्हा तर दूध सांडलं होतं, चांगलं मोठं थारोळं. हा शहाणा त्यावर झाडू मारत होता! दुधावर झाडू! मी म्हटलं, पाइप आण."

ड्रायव्हरचा चेहरा असा झाला, की ठसका लागलाय आणि खोकता येत नाही.

"बाबा, जरा तो काँक्रीटचा सांधा कोरता का?" सूनबाई म्हणाली.

माझ्याजवळ हत्यार नव्हतं. मी चष्मा काढला आणि त्याच्या दांडीने उजळ जागेतला सांधा कोरला. ओलसर पांढरं काहीतरी निघालं. सूनबाईने ते अंगठा आणि बोटाच्या मध्ये घासलं आणि ते बोट माझ्या कानाशी आणलं.

"काय ऐकू येतं?"

"करकर."

"दूध करकरत नाही, बाबा."

६

डेअरीवाल्यांनी सांध्यातली पूड हातात घेतली, वास घेतला, हात धुतला आणि पुन्हा घेतली. "पण तरी," ते म्हणाले, "समजा काहीही असलं, तरी ते माझ्या टाकीतच गेलं ना? जाळीतून टाकीत!"

"कुठल्या जाळीतून?"

"ही काय, ही जाळी. आत कारखान्यात आहेत तशीच. जाळी म्हणजे जाळी."

सूनबाईने पिशवीतून एक पुडी काढली. नळ कुठून कुठे जातो हे शोधायला वापरतात तो निरुपद्रवी हिरवा रंग. तिने ड्रायव्हरला बादलीभर पाण्यात तो कालवायला सांगितलं आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही चेंबरपाशी उभे राहा. हिरवं दिसलं तर ओरडा."

आता, ओरडणं मला कधीच जमलेलं नाही. वाचनालयात चाळीस-एक वर्षं लोकांना गप्प बसवण्यात गेली. चेंबरच्या कडेला उभा राहून मी मनातल्या मनात घसा खाकरत होतो. मागे रंगवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे नाववाला, त्याच्या मागे फरशीवाल्यांचे दोन कामगार. सगळे वाकून आत बघत होते. मधल्या नळाच्या तोंडात नुसता काळोख.

काही झालं नाही.

आणखी थोडा वेळ काही झालं नाही. माझं मन म्हणू लागलं की आपली सून चुकली, आणि आपण सांधा कोरताना काहीतरी गोंधळ घातला, आणि उद्या कुलूप लागलं की त्यात आपलाही वाटा.

मग मधल्या नळाच्या तोंडाशी काहीतरी लकाकलं. पोपटी, झगझगीत हिरवं. ते एकदम धारेने चेंबरमध्ये आलं.

"हिरवं!" मी ओरडलो. म्हणजे बहुधा कुजबुजलोच असेन, कारण खरं ओरडल्या त्या रंगवाल्या बाई, आणि इतक्या मोठ्याने, की फरशीवाल्यांची पाती थांबली.

मी आत गेलो तेव्हा डेअरीवाले जाळीकडे एकटक बघत उभे होते. हात न धुता.

"आतल्या जाळ्या तुमच्या टाकीला जोडलेल्या आहेत," सूनबाई त्यांना सांगत होती. "आवारातली ही पावसाची. हिच्यात जे पडतं ते सरळ तळ्यात."

"म्हणजे मी रोज..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. "म्हणजे मीच?"

"तळं तुमच्या पाण्याने पांढरं झालं हे कळलं. पण फरशीची पूड डेअरीत आली कशी?" सूनबाईने ड्रायव्हरकडे पाहिलं. "कुणी आणली?"

"मॅडम, मला विचारू नका," ड्रायव्हर म्हणाला. "मी शपथ घेतलीय."

७

दुसऱ्या सकाळी साहेब खरोखरच कुलूप घेऊन आले. चांगलं पितळी होतं. मधल्या भिंतीच्या टोकाशी, रस्त्यावर, सगळे जमले. फरशीवाले एका बाजूला, शेजारी ताई. डेअरीवाले दुसऱ्या बाजूला. दोघा मेहुण्यांच्या नजरा आकाशाच्या दोन वेगवेगळ्या भागांत.

"पूड त्याची की नाही?" साहेबांनी विचारलं.

"त्यांची," सूनबाई म्हणाली. "पण ऐका ना, साहेब. फरशीवाल्यांच्या नळाच्या तोंडावर जुनं जाळं आहे, तिथून पाणी गेलेलं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग होता. फरशीच्या हौदात तेल नसतं, रंगवाल्या बाईंकडेही नाही, शिवाय त्यांच्याकडचं सांडलेलं बाहेर जाऊच शकत नाही. तेल सांडलं होतं एकाच ठिकाणी, डेअरीत. आता तेलावर कोरडी पूड कशासाठी टाकतात?"

"तेल शोषायला," साहेब म्हणाले. त्यांनाही कामातलं कळत होतं.

"बरोबर. टाकायची, तेल पिऊन घट्ट झाली की झाडून डब्यात भरायची. ड्रायव्हरदादा तेच करत होते. अगदी योग्य. पण मालक आले, पांढरं दिसलं, आणि डेअरीत पांढरं म्हणजे दूध. विचारायची पद्धतच नाही. पाइप मारला. पूड, तेल, सगळं पावसाच्या जाळीत."

"ते मी सांगितलं," डेअरीवाले घाईघाईने म्हणाले. "ह्या पोराचा दोष नाही. तो सांगत होता काहीतरी, मी ऐकलं कुठे? नोटीस माझ्या नावाने लिहा."

साहेबांनी कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "ते लिहीनच. पण पूड आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही, असं फरशीवाल्याच्या परवान्यात आहे. कुणी दिली? चोरून गेली असेल तर त्याचं लक्ष नाही, आणि लक्ष नाही म्हणजे तिसरी चूक ती हीच."

ताईच्या हाताची बोटं पदरात गुंतत होती. आता मला ते भिंतीपाशी पालथं घातलेलं खोकं समजलं, आणि ती भावाला नुसती बघायला चढत नव्हती, हेही. टँकरचा पाइप फुटला, भावाच्या आवारात तेलच तेल, आणि तिच्या हाताशी पुडीच्या पोत्यांची थप्पी. ती काय बघत उभी राहणार होती? ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. सूनबाईला माझ्या आधीच कळलेलं असणार, पण ती कुबडीचं टोक न्याहाळत होती. ताईने एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं.

"मी दिली," फरशीवाले म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. डेअरीवालेसुद्धा.

"तुम्ही?" साहेब म्हणाले.

"हो. मी." भुवयांवरची पूड तशीच होती, आता खाली कानही लाल झाले होते. "त्याचा टँकर फुटला. तेल तळ्यात गेलं असतं. शेजारी आहे. दिली पोती. भिंतीवरून."

"परवाच का नाही सांगितलंत?"

"विसरलो."

साहेबांनी भिंतीची उंची पाहिली, मग फरशीवाल्यांचे गुडघे पाहिले. चालताना ते किती वाकडे पडतात हे अख्ख्या चढणीला माहीत आहे. सूनबाई एकदम खोकली.

"साहेब, तेल तळ्यात जाऊ नये म्हणून शेजाऱ्याला मदत केली. परवानगी घ्यायला हवी होती, ते खरं. समज देऊन चालेल, पण ह्यासाठी कुलूप लावलं तर उद्या तेल सांडल्यावर कुणी कुणाला मूठभर पूड देणार नाही."

साहेबांनी कुलूप हातात तोललं. मग त्यांनी ते पिशवीत टाकलं. "समज," ते म्हणाले. "आणि तिन्ही आवारांत पावसाच्या जाळ्यांवर निळा पट्टा ओढा. हे पाणी तळ्यात जातं, असं मोठ्या अक्षरांत लिहा. रंग..."

"रंग माझ्याकडून!" रंगवाल्या बाई म्हणाल्या. "पण अक्षर चांगलं असणाऱ्यालाच ब्रश देईन."

कामगार पात्यांकडे परत गेले, आणि पाती सुरू झाली तेव्हा तो कर्कश आवाज कुणालाच कर्कश वाटला नाही. डेअरीवाले मात्र जागचे हलले नव्हते. ते दोन पावलं पुढे आले, थांबले, पुन्हा आले.

"दाजी," ते म्हणाले. "माझ्यासाठी दिलीत?"

"हं."

"मग मला सांगायचं तरी! मी धुतली नसती ना!"

"तू ऐकतोस कुणाचं?" फरशीवाले म्हणाले. "लहानपणापासून ऐकलं आहेस कुणाचं? सगळं धुऊन काढतोस, डोक्यावरचे केससुद्धा धुऊन काढलेस!"

"केस वडिलांसारखे गेले, त्यात धुण्याचा काय संबंध? आणि तुमच्या पोत्यांना नीट शिलाई घाला आधी, निम्मी पूड भिंतीवर सांडते!"

"शिलाई मला शिकवू नको!"

आवाज चढत गेले. साहेब मध्ये पडायला निघाले, तेव्हा सूनबाईने कुबडी आडवी धरली.

ताई माझ्याशेजारी उभी होती. डोळे पदराने टिपत होती आणि हसतही होती.

"ह्यांना जिना चढवत नाही, आणि म्हणे भिंतीवरून पोती दिली," ती म्हणाली. "आयुष्यात खोटं बोलले नाहीत हो. आज पहिल्यांदा बोलले, आणि तेही किती वाईट. साहेबांना पटलं तरी कसं?"

"मला नाही वाटत पटलं असेल," मी म्हणालो. "पण माझा अंदाज सहसा चुकतो."

तिने भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघे आता पोत्याच्या शिलाईत किती टाके असावेत यावर तावातावाने हातवारे करत होते. तिने पदर खोचला, त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि दोघांनाही एकदमच रागवायला लागली.